२१४ की ११८४? अमेरिकी संघीय कायदा वाचताना आणि त्याचा दाखला देताना

प्रश्न विचारणारी मुलगी पुण्यात एलएल.बी. करून अमेरिकेत एलएल.एम.ला आली आहे. एच-१बी व्हिसाच्या सहा वर्षांच्या मर्यादेवर तिनं मेमो लिहिला आणि प्राध्यापकांनी तो लाल खुणा करून परत दिला. तिचं म्हणणं असं: ‘एकाच गोष्टीला कुणी आयएनए २१४(जी) म्हणतं, कुणी ८ यू.एस.सी. ११८४(जी). सहा वर्षांनंतरच्या मुदतवाढीसाठी कुणी पब्लिक लॉ १०६-३१३ सांगतं, कुठे ११४ स्टॅट. १२५१ लिहिलेलं असतं. आणि यू.एस. कोडमध्ये शोधलं तर मुदतवाढीचं कलमच सापडत नाही. वाचायचं काय आणि तळटीपेत लिहायचं काय?’

मी न्यू जर्सीत गेली अठरा वर्षं इमिग्रेशनचंच काम करते, त्यामुळे उदाहरणं त्यातलीच देईन. पद्धत मात्र करकायद्याला लावा नाहीतर कामगार कायद्याला, तीच आहे. आणखी एक, इथे मी इंग्रजी अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. मेमोत ती अर्थातच इंग्रजीत हवीत, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळून. तो फरक का पाळायचा ते पुढे येईल.

तुमचे पत्ते चार आहेत, पण घरं दोनच. आयएनए २१४(जी) आणि ८ यू.एस.सी. ११८४(जी) हे एकाच मजकुराचे दोन पत्ते. पब्लिक लॉ १०६-३१३ आणि ११४ स्टॅट. १२५१ हे दुसऱ्या एका कायद्याचे दोन पत्ते. तुमची खरी पंचाईत ही की हे दुसरं घर पहिल्याच्या आवारात, मागच्या बाजूला आहे, आणि पुढच्या दारावर त्याची पाटी नाही.

भारतात शिकून आलेल्यांचा गोंधळ इथे का होतो ते मला नीट ठाऊक आहे, कारण माझाही झाला होता. आपल्याकडे कायदा म्हणजे एक पुस्तक. १८६० चा अधिनियम ४५ म्हणजे दंड संहिता, त्यातलं कलम ४२०, संपलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) झालं, तरी रस्त्यावरचा माणूस ‘चारसोबीस’च म्हणतो, इतका तो आकडा घट्ट बसलाय. संसदेनं ज्या रूपात कायदा केला आणि वेळोवेळी सुधारला, त्याच रूपात आपण तो वाचतो. इथे तसं नाही. इथली काँग्रेस (म्हणजे संसद, पक्ष नव्हे) एक अधिनियम करते. मग हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजचं एक कार्यालय, ऑफिस ऑफ द लॉ रिव्हिजन कौन्सेल, त्यातला कायमस्वरूपी आणि सर्वांना लागू असलेला मजकूर विषयवार सुटा करून एका मोठ्या कपाटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत लावतं. ते कपाट म्हणजे यू.एस. कोड. कप्प्यांना टायटल म्हणतात. ती ५४ आहेत, पैकी ५३ क्रमांकाचं राखून ठेवलेलं, म्हणजे रिकामं. टायटल ८ परदेशी नागरिक आणि नागरिकत्व, १८ गुन्हे, २६ कर, २९ कामगार, ४२ सार्वजनिक आरोग्य आणि कल्याण, ज्यात निम्मं जग कोंबलेलं आहे.

म्हणून इथे नुसतं ‘कलम २१४’ म्हणून भागत नाही. २१४ हा आयएनएतला, म्हणजे १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमधला क्रमांक. कपाटात त्याच मजकुराला ११८४ क्रमांक मिळाला. यूएससीआयएस (इमिग्रेशनचे अर्ज पाहणारं सरकारी खातं), कॉन्सुलेट आणि आम्ही वकील आपापसात २१४ म्हणतो. मुंबईच्या कॉन्सुलेटमधून हातात पडणाऱ्या नकाराच्या कागदावर २१४(बी) असतं, तेही आयएनएचंच. संघीय न्यायालयं बहुतेक वेळा ११८४ लिहितात. तुमच्या मेमोत ‘८ यू.एस.सी. § २१४(जी)’ असं आलं असणार, म्हणजे आकडा एका घराचा आणि गल्ली दुसऱ्या घराची. पहिली लाल खूण बहुधा तिथेच असेल. रोज लागणाऱ्या जोड्या सवयीनं पाठ होतात: १०१ म्हणजे ११०१, २१२ म्हणजे ११८२, २१४ म्हणजे ११८४, २३७ म्हणजे १२२७, २४५ म्हणजे १२५५. यांच्यात गणिती सूत्र शोधू नका, मी शोधून पाहिलंय.

आता पब्लिक लॉचा आकडा. १०६-३१३ म्हणजे १०६ व्या काँग्रेसचा ३१३ वा सार्वजनिक कायदा. एक काँग्रेस दोन वर्षांची. तिच्या क्रमांकाची दुप्पट करून १७८७ मिळवले की ती ज्या वर्षी सुरू झाली ते वर्ष येतं: १०६ दुणे २१२, अधिक १७८७, १९९९. म्हणजे कायदा १९९९ किंवा २००० चा. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० चा, नाव अमेरिकन कॉम्पिटिटिव्हनेस इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी ॲक्ट. सगळे त्याला एसी-२१ म्हणतात. ११४ स्टॅट. १२५१ म्हणजे स्टॅच्यूट्स ॲट लार्ज या ग्रंथमालेचा ११४ वा खंड, पान १२५१. ही मालिका विषयवार नसते. ज्या क्रमानं कायदे झाले त्या क्रमानं ते जसेच्या तसे छापलेले असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या कायद्यांना दाखल्यात पब्लिक लॉऐवजी चॅप्टरचा क्रमांक दिलेला दिसतो. आयएनएच्या मागे ‘२७ जून १९५२, चॅप्टर ४७७, ६६ स्टॅट. १६३’ असं दिसलं की बिचकू नका.

मग खरा कायदा कुठला, कपाटातला की छापील मालिकेतला? याचं उत्तर कोडच्याच टायटल १ च्या कलम २०४ मध्ये आहे. काही टायटल्स काँग्रेसनं स्वतः कायदा म्हणून मंजूर केली आहेत, त्यांना पॉझिटिव्ह लॉ टायटल म्हणतात. १८, २८, ११, १७ ही त्यांतली. तिथे कोडचा मजकूर हाच कायद्याचा पुरावा. बाकीच्या टायटल्समध्ये कोड हा फक्त प्रथमदर्शनी पुरावा. फरक निघालाच तर स्टॅच्यूट्स ॲट लार्ज जिंकतं. आपलं टायटल ८ या दुसऱ्या जातीचं. ४२ ही तसंच.

हे पुस्तकी वाटत असेल तर १९९३ चा युनायटेड स्टेट्स नॅशनल बँक ऑफ ओरेगनचा खटला वाचा, ५०८ यू.एस. ४३९. वाद होता छोट्या गावांतल्या राष्ट्रीय बँकांनी गावाबाहेरच्या ग्राहकांनाही विमा विकावा की नाही याचा. परवानगी देणारं कलम १९१६ चं. पण त्या कायद्यात अवतरणचिन्हं चुकीच्या जागी पडली होती. त्यामुळे ते कलम दुसऱ्याच एका कलमाचा भाग असल्यासारखं दिसत होतं, आणि ते दुसरं कलम १९१८ मध्ये नव्यानं लिहिलं गेलं तेव्हा हे गळलं असं मानलं गेलं. १९५२ च्या आवृत्तीपासून कोडनं ते वगळलं. गंमत म्हणजे दोन्ही पक्ष ते कलम जिवंत धरूनच भांडत होते. ‘हे कलम अस्तित्वात तरी आहे का?’ हा प्रश्न अपील न्यायालयानं आपणहून काढला. सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की चूक अवतरणचिन्हांची आहे, कायदा कधीच रद्द झालेला नव्हता. चाळीस वर्षं कपाटात नसलेलं कलम कायदाच होतं. रोजच्या कामात असा फरक क्वचितच निघतो, म्हणून दाखला कोडचाच द्यावा. पण कोडमध्ये नाही म्हणजे कायद्यात नाही, असं मात्र लिहू नये.

आणि इथेच तुमच्या हरवलेल्या कलमाकडे येते.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. नाशिकचा एक इंजिनिअर, एच-१बीची सहा वर्षं संपत आलेली. मला वरिष्ठांनी दोन पानांचं टिपण करायला सांगितलं. मी ११८४(जी)(४) उघडलं. सहा वर्षांहून अधिक मुदत नाही असं तिथे स्वच्छ लिहिलेलं. त्याच्या आसपासची पोटकलमंही वाचली, अपवाद दिसला नाही. ‘परत जावं लागेल’ असं लिहून मी टिपण दिलं आणि कलम किती सरळ आहे म्हणून स्वतःवर खूशही झाले. वरिष्ठांनी ते वाचलं, मला स्क्रीनसमोर बसवलं आणि एवढंच म्हणाले, ‘खाली जा. अजून खाली.’ कलम संपतं, मग कंसात बारीक अक्षरांत तारखांची माळ येते, मग संपादकीय टिपा येतात, आणि त्यांच्याही खाली, जिथे कुणी जात नाही तिथे, एसी-२१ ची कलमं १०४(सी) आणि १०६ बसलेली. त्या माणसाला परत जावं लागलं नाही. माझं टिपण मात्र वरिष्ठांच्या टेबलावर बरेच दिवस पडून होतं, उपडं घालून.

कोडमध्ये कलमाखालच्या या भागाला नोट म्हणतात. आपल्या डोक्यात ‘टीप’ म्हणजे संपादकाचं भाष्य, त्यामुळे फसायला होतं. नोट्स दोन प्रकारच्या. काही खरंच संपादकांच्या असतात, जसं अमुक साली अमुक शब्द बदलले. पण काही काँग्रेसनं मंजूर केलेला कायदाच असतात. फक्त लॉ रिव्हिजन कौन्सेलनं त्यांना स्वतंत्र कलमक्रमांक न देता जवळच्या कलमाखाली ठेवलेलं असतं. जागा संपादकानं ठरवली, म्हणून जोर कमी होत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं एच-१बीवर राहिलेली जी मराठी घरं तुम्ही एडिसनमध्ये नाहीतर फ्रीमॉंटमध्ये पाहता, त्यांच्या मुदतवाढीचा पाया असा एका कलमाच्या पायाशी ठेवलेल्या नोटमध्ये आहे. १०४(सी) म्हणतं की ग्रीन कार्डांवरच्या दर देशाच्या मर्यादेमुळेच ज्याचं अडलंय त्याला सहा वर्षांनंतरही मुदतवाढ देता येईल. १०६ म्हणतं की ग्रीन कार्डची प्रक्रिया ३६५ दिवस रेंगाळली तर वर्षावर्षानं मुदतवाढ. याच कायद्याचं १०६(सी), अर्ज रखडला असताना नोकरी बदलण्याची मुभा देणारं, मात्र आयएनएमध्येच घातलं गेलं. ते ८ यू.एस.सी. ११५४(जे) म्हणून नीट क्रमांकानिशी सापडतं. एकाच कायद्याचं एक कलम बैठकीत, दुसरं अंगणात.

मग सरळ पब्लिक लॉ १०६-३१३ च का वाचू नये? कारण तो २००० सालचा फोटो आहे. मूळ १०६(ए) मध्ये नुसतं लेबर सर्टिफिकेशन (मालकानं कामगार खात्याकडे करायचा ग्रीन कार्डचा पहिला अर्ज) टाकून वर्ष झालं तर पुरत नव्हतं, पुढच्या पायऱ्यांपैकी इमिग्रंट पिटिशन किंवा ॲडजस्टमेंटचा (इथेच राहून ग्रीन कार्ड मागण्याचा) अर्जही दाखल झालेला लागे. २००२ च्या पब्लिक लॉ १०७-२७३ च्या कलम ११०३०ए नं ते बदललं. आता लेबर सर्टिफिकेशनचा अर्ज किंवा पिटिशन, यांपैकी काहीही ३६५ दिवसांपूर्वी दाखल झालेलं असलं तरी पुरतं. जुना कागद वाचून सल्ला दिलात तर पात्र माणसाला अपात्र ठरवाल. नोटमध्ये मजकूर सुधारलेल्या रूपात असतो. थोडक्यात, पब्लिक लॉ काय मंजूर झालं ते सांगतो आणि कोड आज काय आहे ते. दोन्हीत दुवा साधते ती कलमाच्या शेवटी कंसातली तारखांची माळ. ११८४ खाली ती २७ जून १९५२ पासून सुरू होते आणि प्रत्येक सुधारणेचा पब्लिक लॉ आणि स्टॅट.चं पान देते. बहुतेक विद्यार्थी ती ओलांडून जातात. मी ती आधी वाचते.

आता वाचण्याकडे. शाळेत संस्कृतच्या तासाला अन्वय लावायचो, आठवतं? श्लोकातले शब्द विस्कटलेले, आधी क्रियापद शोधायचं, मग कर्ता, मग बाकीची विशेषणं. इंग्रजी कायद्याचं वाक्य असंच सोडवायचं. उदाहरणाला २१४(बी) घ्या, ज्याच्या नावानं आपली मुलं मुंबईत व्हिसा नाकारून घेतात. वाक्य साधारण असं: प्रत्येक परदेशी नागरिक (१०१(ए)(१५) च्या (एल) किंवा (व्ही) मध्ये वर्णिलेला सोडून, आणि (एच)(आय) च्या कुठल्याही तरतुदीत वर्णिलेला सोडून, मात्र (बी१) धरून) हा इमिग्रंट आहे असं गृहीत धरलं जाईल, जोवर तो कॉन्सुलर अधिकाऱ्याची तसं नाही अशी खात्री पटवत नाही. आधी कंसावर बोट ठेवा. उरलेलं सांगतं की प्रत्येक जण कायमचा राहायला आलाय असं धरायचं, उलट सिद्ध करणं त्याचं काम. मग बोट उचला. एल आणि व्ही सुटले. एच(आय) सुटले, म्हणजे एच-१बी सुटला. पण अपवादातला अपवाद (बी१), म्हणजे चिली आणि सिंगापूरच्या करारांतला एच-१बी१, पुन्हा जाळ्यात. विद्यार्थ्याचा एफ कुठल्याच अपवादात नाही. ‘एच-१बीवाल्याला परत जाण्याचा इरादा का विचारत नाहीत आणि एफ-१वाल्याला का विचारतात?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर या एका कंसात आहे. आणि मूळ वाक्यात ‘तो’ आहे म्हणून बायका सुटल्या असं नाही. टायटल १ चं पहिलंच कलम सांगतं की पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात आणि एकवचनात अनेकवचन, संदर्भ वेगळा नसेल तर.

याच उदाहरणात आणखी एक गंमत दडलेली आहे. एच-१बी, एफ-१, एल-१, जे-१ ही नावं कुणी हौसेनं ठेवलेली नाहीत. ती १०१(ए)(१५) मधल्या अक्षरांवरून आलीत. (एच)(आय)(बी) चं एच-१बी झालं. आता लहान-मोठ्या अक्षरांचं. संघीय कायद्याची नेहमीची उतरंड अशी: लहान (ए), मग (१), मग मोठा (ए), मग लहान रोमन (एक), मग मोठा रोमन (एक). म्हणजे लहान ए आणि मोठा ए हे दोन वेगळ्या मजल्यांवर राहतात. दाखल्यात तुम्ही एकाच्या जागी दुसरा टाकलात तर वाचणारा भलत्या मजल्यावर जाऊन दार वाजवतो. १०१(ए)(१५)(एच)(आय)(बी) मध्ये मात्र लहान रोमन एकनंतर लहान बी येतो, जो आजच्या पद्धतीत बसत नाही. कायदा जुना आहे, त्याला नव्या वळणाचा आग्रह धरता येत नाही. जसं छापलंय तसंच लिहा, सुधारू नका.

क्रमांकातल्या हायफनचंही तेच. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धची तरतूद ४२ यू.एस.सी. २०००ई-२(ए)(१) मध्ये आहे. इथे ‘ई-२’ हे पोटकलम नाही, तो कलमाच्या क्रमांकाचाच तुकडा आहे. दोन जुन्या आकड्यांमध्ये नवी वस्ती घुसवली की असे पत्ते तयार होतात, आपल्याकडच्या ४९८-अ सारखे. लोक या तरतुदीला टायटल सेव्हन म्हणतात, आणि नवखा माणूस कोडचं टायटल ७ उघडून शेतीचे कायदे वाचत बसतो. सेव्हन हा १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचा सातवा भाग, कोडशी त्या आकड्याचा संबंध नाही.

एक शब्द दुसऱ्या टायटलमध्ये पाठवत असेल तर तिकडे गेल्याशिवाय वाचन पूर्ण झालं असं समजू नका. २१४(जी)(५)(सी) मध्ये एच-१बीच्या वार्षिक मर्यादेतून वीस हजार जणांना सवलत आहे, अमेरिकी संस्थेतून मास्टर्स किंवा वरची पदवी घेतलेल्यांना. मुलं ‘अमेरिकेतून मास्टर्स’ एवढंच वाचून थांबतात. पण तिथे ‘संस्था’ या शब्दापुढे कंस आहे आणि तो २० यू.एस.सी. १००१(ए) कडे नेतो. तिथली व्याख्या सांगते की संस्था सार्वजनिक किंवा ना-नफा हवी, आणि तिला मान्यता हवी. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजची मास्टर्स या सवलतीत बसत नाही. फी भरून झाल्यावर माझ्याकडे येऊन हे ऐकणारे चेहरे मी पाहिलेत. एवढासा कंस, त्यावर दोन वर्षं आणि बापाची एफडी.

कधी शब्द तोच राहतो आणि माणूस बदलतो. आयएनएमध्ये आणि त्या १०४(सी) मध्येही ठिकठिकाणी ‘ॲटर्नी जनरल’ असं येतं, पण मुदतवाढ ॲटर्नी जनरल देत नाही. २००२ च्या होमलँड सिक्युरिटी ॲक्टनं ती कामं होमलँड सिक्युरिटीच्या सेक्रेटरीकडे गेली, आणि ६ यू.एस.सी. ५५७ म्हणतं की जुन्या कायद्यांतले उल्लेख त्याप्रमाणे वाचा. मजकूर उद्धृत करताना छापलेलाच शब्द ठेवावा आणि कोण वाचायचं ते चौकोनी कंसात किंवा तळटीपेत सांगावं.

कलमांच्या शीर्षकांवर किती भिस्त ठेवावी? बेतानं. २०१५ च्या येट्सच्या खटल्यात फ्लोरिडाच्या एका मच्छीमार कप्तानानं मापाहून लहान मासे समुद्रात फेकून दिले, आणि सरकारनं त्याच्यावर पुरावा नष्ट केल्याचं १८ यू.एस.सी. १५१९ लावलं. तिथे शब्द होते ‘नोंद, दस्तऐवज किंवा मूर्त वस्तू’. मासा मूर्त वस्तू नाही तर काय? पण कप्तान जिंकला. जिंकवणाऱ्या न्यायमूर्तींनी शेजारच्या शब्दांबरोबर शीर्षकाकडेही बोट दाखवलं, ते नोंदी नष्ट करण्याबद्दल आहे म्हणून. तिथे ते चाललं, कारण शीर्षक काँग्रेसचं होतं. टायटल ८ किंवा ४२ मध्ये मात्र शीर्षक संपादकाचं असू शकतं. त्यावर युक्तिवाद उभा करायच्या आधी मूळ कायदा उघडून ते कुणाचं आहे ते पाहा.

नियम म्हणजे कायदा नव्हे, हेही तुमच्या मेमोत थोडं मिसळलंय असं वाटतं. कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्स वेगळा, त्याचा दाखला ८ सी.एफ.आर. § २१४.२(एच) असा. तिथे टायटलनंतरचा २१४ योगायोगानं नव्हे, मुद्दाम आयएनएच्या क्रमांकाशी जुळवलेला आहे, म्हणून गोंधळ वाढतो. विद्यार्थ्यांची ओपीटी, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणारी कामाची मुभा, नियमांत आहे. एच-१बीवाल्यांच्या एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांना २०१५ पासून मिळणारी कामाची परवानगीही नियमांतच. दोन्हींचं नाव घेऊन तपशील सांगणारं कलम आयएनएमध्ये शोधाल तर मिळणार नाही. त्यामुळेच ती कोर्टात पुन:पुन्हा ओढली जातात. २८ जून २०२४ च्या लोपर ब्राइटच्या निकालानंतर तर कायद्याच्या संदिग्ध शब्दाचा खात्यानं लावलेला अर्थ न्यायालयानं निमूट मान्य करावा हा शेव्हरॉनचा जुना शिरस्ताच गेला. पूर्वी नियम वाचून काम भागायचं, आता मूळ कलमाचा अन्वय स्वतः लावावा लागतो.

आता लिहिण्याचे कानून. ब्लूबुकची, म्हणजे इथे दाखले कसे द्यावेत ते ठरवणाऱ्या पुस्तकाची, साधी चाल: टायटल, यू.एस.सी., कलमचिन्ह, कलम, पोटकलमं. टायटलच्या आकड्यानंतर ‘टायटल’ हा शब्द नाही, स्वल्पविराम नाही. कलमचिन्हानंतर एक जागा, आणि ती न तुटणारी ठेवा, नाहीतर चिन्ह एका ओळीत आणि आकडा दुसऱ्या ओळीत जातो. एकाहून जास्त कलमं असतील तर चिन्ह दोनदा. एकाच कलमाची दोन पोटकलमं असतील तर एकदाच. ही चूक वकीलही करतात. वाक्याची सुरुवात चिन्हानं करायची नाही, ‘सेक्शन’ पूर्ण लिहायचं. वर्ष कंसात देण्याची सक्ती २०२० च्या एकविसाव्या आवृत्तीनं काढली. तुमचे प्राध्यापक जुन्या वळणाचे असतील तर विचारून घ्या, वाद घालू नका. ‘एट सेक.’ (आणि पुढची कलमं) लिहून हात झटकू नका. यू.एस.सी.ए. आणि यू.एस.सी.एस. या खाजगी प्रकाशकांच्या भाष्यासहित आवृत्त्या. निकाल शोधायला उत्तम, पण अधिकृत मजकूर मिळत असेल तर दाखला यू.एस.सी.चा. मजकूर लॉ रिव्हिजन कौन्सेलच्या संकेतस्थळावरून घ्यावा, कारण तो कुठल्या पब्लिक लॉपर्यंत अद्ययावत आहे ते पानाच्या वरच लिहिलेलं असतं. तो क्रमांक मी फाइलमध्ये टिपून ठेवते. सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर सांगता येतं की त्या दिवशी कायदा हाच होता.

जुने निकाल वाचताना एक खोड लक्षात ठेवा. संपादक कधीकधी अख्खी वस्तीच हलवतात. मतदान हक्क कायद्याचं कलम २ पूर्वी ४२ यू.एस.सी. १९७३ होतं. २०१४ मध्ये टायटल ५२ उघडलं आणि ते ५२ यू.एस.सी. १०३०१ झालं. शब्द तेच, पत्ता नवा. जुन्या निकालातून आकडा उचलून तसाच चिकटवलात तर लाल खूण ठरलेली.

तुमच्या दोन तळटीपा आता अशा होतील. सहा वर्षांच्या मर्यादेसाठी नुसतं ८ यू.एस.सी. § ११८४(जी)(४). इमिग्रेशनच्या न्यायाधिकरणापुढे लिहीत असाल तर आधी आयएनए § २१४(जी)(४) आणि मग हे, दोन्ही. मुदतवाढीसाठी लांब रूप: कायद्याचं नाव, पब. एल. क्र. १०६-३१३, § १०६(ए)–(बी), ११४ स्टॅट. १२५१, कंसात २०००. पुढे सुधारणा म्हणून पब. एल. क्र. १०७-२७३, § ११०३०ए, ११६ स्टॅट. १७५८, कंसात २००२. आणि शेवटी कंसात, सुधारित स्वरूपात ८ यू.एस.सी. § ११८४ नोट. त्यातला ‘नोट’ हा शब्द गाळू नका. तो नसेल तर वाचणारा ११८४ उघडेल आणि तुमच्यासारखाच म्हणेल की इथे असं काही नाही. ११४ आणि ११६ या खंडांतली पानं मी कायद्याच्या सुरुवातीची दिली आहेत. कलमांची नेमकी पानं मुद्दाम दिलेली नाहीत, ती दोन्ही खंड उघडून तुम्हीच भरा, आणि भरताना २००० चा आणि २००२ चा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचा.